रेघ मागे राहते तेव्हा

पेनाचं टोक टॅब्लेटवर टेकतं, हात सरकतो आणि पडद्यावर रेघ उमटते. या दोन्हींमध्ये किती वेळ जातो याचा विचार कागदावर काढणाऱ्याला कधी करावाच लागत नाही, कारण कागदावर असा वेळ नसतो. शिसं कागदाला घासतं तेव्हाच खूण झालेली असते. पडद्यावर मात्र हालचाल आणि खूण यांची ताटातूट होते. हात पुढे गेलेला असतो, रेघ त्याच्यामागून येत असते. बऱ्या यंत्रावर हे अंतर इतकं थोडं असतं की काम करताना ते विसरून जाता येतं. जुन्या किंवा नीट न जुळवलेल्या यंत्रावर ते उघड दिसतं. पेन ओठाच्या कोपऱ्याशी पोहोचलेलं असतं आणि रेघ अजून वरच्या ओठाच्या मधोमध असते.

पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. आधी कागद, मग कागद आणि स्कॅनर, आणि आता बहुतेक सगळं काम टॅब्लेटवर. लॅग नावाचा हा त्रास मी स्वतःच्या यंत्रांवर अनुभवला, ओळखीच्यांच्या यंत्रांवरही पाहिला. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवाळी अंकांची कामं एकदम अंगावर येतात तेव्हा तो हमखास डोकं वर काढतो, कारण फाइली मोठ्या असतात, लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, भरपूर असतात आणि वेळ थोडा असतो. त्यावर उपाय शोधताना यंत्राबद्दल बरंच कळलं. पण हाताबद्दल आणि डोळ्यांबद्दल जे कळलं ते मला अधिक मोलाचं वाटतं, आणि त्याचाच संबंध नव्याने शिकणाऱ्या मुलांशी येतो.

सुरुवात जागेपासून करते. माझा टॅब्लेट बिनपडद्याचा आहे. हात टेबलावर असतो आणि डोळे समोरच्या मॉनिटरवर. हात जिथे आहे तिथे चित्र नाही, चित्र जिथे आहे तिथे हात नाही. ही मांडणी जुनी आहे. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केलं, तेव्हा लाइट पेन थेट पडद्यालाच लावायचं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने आपला टॅब्लेट जगापुढे आणला. साधारण दहा इंच लांबी-रुंदीचा तो पृष्ठभाग, त्यात बारीक तारांची जाळी आणि वेगवेगळ्या ओळखता येतील अशा दहा लाखांवर जागा. हात आडवा टेबलावर आणि चित्र उभ्या पडद्यावर ही फारकत तिथे झाली, ती आजही माझ्या टेबलावर आहे.

नव्याने टॅब्लेट घेणाऱ्याला याच फारकतीची भीती वाटते. ‘खाली न बघता कसं काढायचं?’ हा पहिला प्रश्न असतो. पण ती भीती थोड्याच दिवसांत मावळते, आणि नंतर आपण खाली बघत नाही हे मुद्दाम आठवावं लागतं. माणसाचं शरीर जागेतला बदल फार समजूतदारपणे स्वीकारतं. १८९०च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्याला लावून काही दिवस काढले. सुरुवातीला हात भलतीकडे जात होता. हळूहळू तो योग्य जागी जाऊ लागला.

वेळेचा बदल मात्र शरीर इतक्या सहज स्वीकारत नाही. १९६६मध्ये रिचर्ड हेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची थेट तपासणी केली. त्यांनी लोकांना स्वतःच्या हाताची प्रतिमा बाजूला सरकवून दाखवली. लोकांनी त्या सरकलेल्या प्रतिमेशी जुळवून घेतलं. मग त्याच प्रतिमेत त्यांनी थोडा उशीर मिसळला. सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा उशीर झाल्यावर ते जुळवून घेणं थांबलं. हात आणि प्रतिमा एकाच माणसाची होती, पण शरीर त्यांची सांगड घालू शकलं नाही. भजनात टाळ जरासा मागे पडला तर गाणाऱ्याला त्याची सवय होत नाही, उलट तो स्वतःच अडखळू लागतो, तसंच हे आहे. ‘वापरून वापरून सवय होईल’ असं लॅगबद्दल कुणी सांगितलं, तर ते जागेच्या बाबतीत खरं असतं, वेळेच्या बाबतीत फारसं नाही.

आता हाताकडे येते. एकाच टॅब्लेटवर, एकाच दिवशी, एकाच चित्रात काही रेघा छान येतात आणि काही थरथरतात, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. केसांच्या बटा, नऊवारीच्या निऱ्यांचा झोत, गवताची पाती या भरभर मारलेल्या रेघा लॅग असतानाही सुरेख येत. पापणीची कड, नाकपुडीचं वळण, बोटांची पेरं या सावकाश काढायच्या रेघा मात्र बिघडत. हे उलटं वाटायचं. हिशेब मांडला तर उशिरामुळे पडणारं अंतर वेगाने काढलेल्या रेघेत जास्त असायला हवं. पेन सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने जात असेल आणि उशीर ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग असेल, तर रेघ पेनाच्या एक सेंटिमीटर मागे असते. तेच पेन सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकत असेल तर अंतर एक मिलिमीटर. मग एक सेंटिमीटरच्या अंतराने काही बिघडत नाही आणि एक मिलिमीटरच्या अंतराने सगळं बिघडतं, असं का?

याचं उत्तर मला एका फार जुन्या प्रयोगात मिळालं. १८९९मध्ये रॉबर्ट वुडवर्थ यांनी हाताच्या अचूकतेवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. लोक फिरत्या कागदावर पेन्सिलने ठरावीक लांबीच्या रेघा मारत, आणि वेग मेट्रोनोमच्या ठोक्यांनी ठरवलेला असे. एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. सावकाश वेगात उघड्या डोळ्यांचा फार फायदा झाला. वेग वाढत मिनिटाला १४० रेघांच्या आसपास गेला तेव्हा डोळे उघडे असले काय आणि मिटलेले असले काय, अचूकतेत फरक उरला नाही. डोळ्यांनी पाहायचं, चूक ओळखायची आणि हाताला सांगायचं याला वेळ लागतो. तेवढ्यात झटकन मारलेली रेघ संपून गेलेली असते. ती रेघ सुरू होण्याआधीच हातात तयार असते.

म्हणजे चित्रात दोन प्रकारच्या रेघा असतात. काही हाताच्या असतात, काही डोळ्यांच्या. हाताची रेघ वर्षानुवर्षांच्या सरावातून एका झटक्यात येते, तिला पाहण्याची गरज नसते. दारात रांगोळीच्या वेलीचं वळण एका दमात सोडणारी बाई असो, रुंद टाकाने अक्षराचा काना खेचणारा सुलेखनकार असो, त्यांच्या हातात ही रेघ असते. डोळ्यांची रेघ मात्र पाहत पाहत पुढे जाते. ‘आत्ता कुठे आहे, पुढे किती जायचं’ असा संवाद तिथे सारखा चालू असतो. लॅग याच संवादात शिरतो. डोळ्यांना दिसतं की रेघ अजून वळणापर्यंत आलेली नाही, म्हणून ते हाताला पुढे जायला सांगतात. प्रत्यक्षात हात वळणाशी पोहोचलेला असतो, तो पुढे निघून जातो. उशिराने रेघही पुढे गेलेली दिसते, मग डोळे मागे खेचतात. तेवढ्यात हात जास्तच मागे येतो. रेघ एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जात राहते. पाहणाऱ्याला वाटतं, काढणाऱ्याचा हात कापतोय.

हे मला नीट समजलं ते तासगावकडच्या एका गावात, ओळखीतल्या एका मुलीच्या घरी. तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ‘ए’ ग्रेडने पास केल्या होत्या. स्मरणचित्राच्या तिच्या सरावाच्या वह्या मी पाहिल्या. बाजाराचं दृश्य, एसटी स्टँड, विहिरीवरच्या बायका, सगळ्यांत माणसं जिवंत होती आणि रेघेत कुठेही भीती नव्हती. घरच्यांनी कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आणि एक स्वस्तातला टॅब्लेट घेऊन दिला होता. त्यावर तिने काढलेलं चित्र उघडलं तर ते दुसऱ्याच कुणाचं वाटावं असं होतं. चेहऱ्याच्या कडा कापऱ्या, वळणं टोकदार, डोळ्यांच्या पापण्या अर्धवट.

“ताई, वहीवर येतंय, पण याच्यावर माझा हात थरथरतो,” ती म्हणाली. आई म्हणाली, “तिला क्लास लावायचा का? सांगलीला एक आहे म्हणतात. फी भरू की आम्ही.”

क्लास लावण्याआधी तपासणी करायची असं ठरलं. तपासणीचा एकच नियम मी पाळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर त्याच दोन रेघा काढून पाहायच्या. एक सावकाश काढलेलं वर्तुळ आणि एक झटक्यात मारलेली लांब रेघ. एकदम चार बटणं फिरवली तर सुधारणा होते कधी कधी, पण कशामुळे झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी चित्रकलेचं सॉफ्टवेअर बंद केलं. पेन टॅब्लेटच्या जरा वर धरून डेस्कटॉपवर नुसता कर्सर फिरवला. तो हाताबरोबर चालत होता. मग सॉफ्टवेअर उघडून हजार पिक्सेलचा छोटा कॅनव्हास घेतला आणि बारीक ब्रशने पेनाऐवजी माउसने रेघ काढली. तीही बरोबर चालली. या दोन साध्या गोष्टींनी अर्धी शंका मिटते. कर्सर सगळीकडेच मागे राहत असेल तर दोष टॅब्लेट, वायर, यूएसबी पोर्ट किंवा ड्रायव्हर यांत असतो. वायरलेस जोडलेला टॅब्लेट असेल तर तो वायरने जोडून पाहावा, हबमधून असेल तर थेट लॅपटॉपला लावावा. मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल तर टीव्हीची चित्र सुधारण्याची प्रक्रिया उशीर वाढवते, तिथे गेम मोड लावला की फरक पडतो. कर्सर ठीक असेल आणि माउसनेही रेघ अडकत असेल तर दोष सॉफ्टवेअरवर पडणाऱ्या ओझ्यात असतो. आणि माउस ठीक, पेन नाही, अशी स्थिती असेल तर पेनाची भाषा कुठेतरी चुकते आहे.

तिच्याकडे ती चुकत होती. छोट्या कॅनव्हासवरही प्रत्येक रेघेची सुरुवात उशिरा व्हायची आणि पहिला तुकडा सरळ यायचा, मग एकदम वळण. टिंबं आणि पापण्यांच्या आखूड रेघा तर गायबच व्हायच्या. ही खूण ओळखीची आहे. विंडोज पेन टेकल्यावर क्षणभर थांबून पाहतं की माणसाला रेघ काढायची आहे की पेन दाबून धरून राइट क्लिक करायचं आहे. लिहिणाऱ्याला ही सोय वाटेल, पण चित्र काढणाऱ्याच्या प्रत्येक रेघेचं तोंड त्या थांबण्यात जातं. ती सोय बंद केली. पेनाचा दाब आणि जागा विंडोजपर्यंत पोहोचवण्याचे दोन रस्ते आहेत. नव्वदीच्या दशकापासून चालत आलेला विनटॅब आणि नंतरचा विंडोज इंक. ड्रायव्हर एका रस्त्याने पाठवत असेल आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या रस्त्याकडे बघत बसलं असेल तर कधी दाब नाहीसा होतो, कधी सुरुवात अडखळते. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये मिळतो. फोटोशॉपला एक छोटी मजकूर फाइल लिहून सांगावं लागतं. दोघांना एकाच रस्त्यावर आणलं.

लॅपटॉपच्या आधीच्या मालकाचा वेगळ्या कंपनीचा टॅब्लेट होता आणि त्याचा ड्रायव्हर अजून आत बसलेला होता. दोन ड्रायव्हर एकाच पेनावर हक्क सांगत होते. दोन्ही काढले, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, आणि तिच्या टॅब्लेटचा नवा ड्रायव्हर घातला. पापण्या उमटू लागल्या. वर्तुळाची सुरुवात गोल झाली.

पण तिची खरी फाइल उघडल्यावर रेघ पुन्हा मागे पडली. आता प्रश्न ओझ्याचा होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं की छपाईला चांगलं यावं म्हणून ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, ठेव, आणि तिने ए-३ आकार घेतला होता. त्याचा हिशेब आम्ही दोघींनी कागदावर मांडला. ए-३ कागद ६०० डीपीआयवर म्हणजे ७०१६ गुणिले ९९२१, जवळजवळ ७ कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर सुमारे २७८ एमबी. असे दहा लेअर म्हणजे पावणेतीन जीबीच्या वर. लॅपटॉपची रॅम चार जीबी, त्यातली काही विंडोजची, काही ब्राउझरमध्ये उघडलेल्या शिकवणीच्या व्हिडिओची. रॅम संपली की यंत्र उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवायला लागतं, आणि फिरती हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फार संथ. हात रेघ काढत असतो तेव्हा यंत्र सामानाची ने-आण करत असतं. रंगीत चित्राच्या ऑफसेट छपाईला ३०० डीपीआय पुरेसे होतात. तेवढ्या एका बदलाने पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर आले आणि लेअर ७० एमबीच्या आत. ब्राउझर बंद केला, लॅपटॉप चार्जरला लावून बॅटरी वाचवण्याचा मोड काढला.

मग ब्रश. संगणकावरच्या ब्रशची रेघ बहुतेक वेळा सलग नसते, ती एकावर एक पडणाऱ्या ठशांची बनते. ब्रशचा व्यास ३०० पिक्सेल असेल तर एका गोल ठशात सुमारे ७० हजार पिक्सेल येतात. दोन ठशांमधलं अंतर व्यासाच्या ५ टक्के ठेवलं तर ३००० पिक्सेल लांबीच्या एका रेघेत दोनशे ठसे पडतात, म्हणजे यंत्राला १ कोटी ४० लाखांहून जास्त वेळा रंग मिसळावा लागतो. तेही हात फिरवण्याच्या वेळात. पोत असलेला, ओल्या रंगासारखा पसरणारा ब्रश असेल तर प्रत्येक मिसळणं आणखी महाग. ठशांमधलं अंतर ५ वरून १० टक्के केलं तर काम निम्मं होतं आणि बहुतेक ब्रशांच्या रेघेत डोळ्याला फरक जाणवत नाही. मोठ्या पार्श्वभूमीसाठी साधा ब्रश वापरून पोत शेवटी द्यावा, हा धडा मला घाईच्या दिवसांनी दिला होता, तो तिला दिला.

तपासणीत शेवटी सापडला तो लॅग सगळ्यांत विचार करायला लावणारा होता, कारण तो तिने स्वतः लावून घेतला होता. हात कापतोय असं वाटून तिने स्टॅबिलायझर पूर्ण चढवला होता. स्टॅबिलायझर पेनाच्या अनेक मागच्या जागांची सरासरी काढून रेघ काढतो, त्यामुळे बारीक थरथर पुसली जाते. पण सरासरी मागच्या जागांची असल्याने रेघ पेनाच्या मागेच राहणार. थरथर घालवायची तर मागे राहणं आलंच. लॅगमुळे आलेली थरथर लपवायला तिने आणखी लॅग घेतला, आणि त्या लॅगने तिच्या डोळ्यांच्या रेघांना आणखी भरकटवलं.

स्टॅबिलायझर वाईट नाही. मी तो वापरते. शाईकामातली लांब, सलग, एकाच जाडीची कड ओढायची असते तेव्हा क्रिटाचा स्टॅबिलायझर किंवा फोटोशॉपचं स्मूदिंग फार उपयोगी पडतं. तिथे उशीर ठरवून घेतलेला असतो. हाताला माहीत असतं की रेघ मागून येणार आहे, आणि तो तसा सावकाश, धीराने चालतो. उशीर किती हवा हे काढणाऱ्याने ठरवावं, आणि कुठल्या रेघेसाठी हवा हेही त्यानेच ठरवावं. आपल्या संमतीशिवाय, आपल्या नकळत आलेला उशीर मात्र निर्णय काढून घेतो. दोन्ही उशीर मिलिसेकंदांत सारखे असले तरी काढणाऱ्यासाठी ते सारखे नसतात.

तिचा स्टॅबिलायझर शून्यावर आणला. तिने वर्तुळ काढलं, मग झटक्याची रेघ, मग एक चेहरा. रेघ तिच्या वहीतली होती. मग तिनेच मला दाखवलं की डावीकडून वर वळताना तिची कड अजून चपटी होते. आम्ही वही उघडली. वहीतही ती तशीच चपटी होत होती. चार वर्षांपूर्वीच्या वहीतही होती. ती खरोखर तिची सवय होती, मनगटाची. त्यावर काय सराव करायचा ते तिला लगेच सुचलं.

मला या कामातलं सगळ्यांत मोठं यश इथे वाटतं. यंत्राने लादलेल्या चुका बाजूला केल्या की उरलेल्या चुका ओळखता येतात. त्या आपल्या असतात, म्हणून त्यांच्यावर कष्ट घेता येतात. यंत्राची चूक आपल्या हाताची समजून रात्रंदिवस सराव केला तरी हात सुधारत नाही, कारण दोष तिथे नसतो. उलट हात नको ती खबरदारी शिकतो. रेघ आखडते, तुटक होते, वळणापाशी घाबरते. ही भीती कागदावरही उतरू लागते, आणि मग ती खरोखर हाताची होऊन बसते.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. क्रिटा बनवणाऱ्यांनी २०१५मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा केली, ती सॉफ्टवेअर अधिक वेगवान करण्यासाठी. पुढच्या वर्षी आलेल्या क्रिटा ३.० या आवृत्तीत इन्स्टंट प्रिव्ह्यू आला. मोठ्या ब्रशची रेघ आधी चित्राच्या छोट्या प्रतीवर काढून लगेच दाखवायची आणि पूर्ण आकारातलं काम मागून उरकायचं, अशी त्याची रीत. डोळ्यांना वेळेवर काहीतरी दिसायला हवं, अचूकता क्षणभर थांबू शकते, हे त्यात ओळखलेलं आहे. अ‍ॅपलने २०१९मध्ये आपल्या पेन्सिलचा उशीर २० मिलिसेकंदांवरून ९वर आणल्याचं सांगितलं. अशा यंत्रणा हात पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजाची रेघ आधीच काढून ठेवतात, खरी जागा कळली की ती दुरुस्त करतात. हातात तयार असलेल्या रेघेचा अंदाज चांगला लागतो. पाहत पाहत वळणारी रेघ मात्र कुठल्याही क्षणी दिशा बदलू शकते, आणि ते तिचं स्वातंत्र्य यंत्राने जपायला हवं. साधा साठ हर्ट्झचा पडदाही जवळजवळ सतरा मिलिसेकंदांनी एकदा बदलतो, त्यामुळे उशीर शून्यावर कधी येणार नाही. तो इतका कमी असावा की डोळ्यांचा आणि हाताचा संवाद तुटू नये, एवढीच काढणाऱ्याची मागणी आहे.

पण नवी महाग यंत्रं येतील तेव्हा येतील. आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलं वापरलेल्या लॅपटॉपवर आणि स्वस्त टॅब्लेटवर चित्रकला शिकत आहेत. त्यांना वेळेत सांगणारं कुणी नसतं. रेघ कापली की पालकांना वाटतं मुलीचं लक्ष नाही, शिक्षकांना वाटतं पाया कच्चा आहे, आणि मुलीला वाटतं आपल्या अंगात कला नाही. पहिल्या दोघांचा गैरसमज दूर होऊ शकतो. तिसरा एकदा मनात बसला की तो निघणं फार कठीण, कारण चित्रकलेत आत्मविश्वास रेघेतच राहतो, वेगळा कुठे ठेवलेला नसतो.

म्हणून कला शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. डिजिटल चित्रकलेचा पहिला तास ब्रश आणि लेअर यांना देऊ नका, यंत्राच्या तपासणीला द्या. प्रत्येक मुलाला आधी कागदावर एक सावकाश वर्तुळ आणि एक झटक्याची रेघ काढायला सांगा. मग तेच टॅब्लेटवर, स्टॅबिलायझर बंद ठेवून. झटक्याची रेघ ठीक आली आणि सावकाश वर्तुळच तेवढं बिघडलं, तर आधी ड्रायव्हर, कॅनव्हास, ब्रश आणि पडदा यांच्याकडे पाहा. दोन्ही कागदासारखीच आली तर पुढे शिकवा. या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि एका तासापेक्षा जास्त वेळही लागत नाही. तो तास दिला नाही तर एखादी चांगली चित्रकार आपला हात सोडून देईल, आणि तिच्या हातात काही कमी नव्हतं हे कुणाला कळणारही नाही.